अरवरीकाठच्या ग्रामस्थांचे आभार

राजस्थानातील अलवर जिल्ह्यात अरवरी नदीचे खोरे पाहण्यासाठी आम्ही माणदेशातील नऊ शेतकरी गेलो असता भांवता-कोल्याला येथील ज्या ग्रामस्थांनी दोन दिवस आमची सोबत केली, त्यांची नावे विचारायची राहून गेली, म्हणून हे जाहीर आभार.

१९८५ नंतर तरुण भारत संघ या स्वयंसेवी संस्थेच्या साथीने तेथील गावकऱ्यांनी श्रमदानातून जोहड, म्हणजे पाणी अडवणारे मातीचे बांध, उभारले, पाणी मुरत गेले आणि १९९०च्या दशकात कोरडे पात्र वाहू लागले, हे आम्ही वाचून होतो. पण जोहडाच्या पोटातला गाळ तळहातावर चुरून, पाणी ओसरल्यावर त्याच ओलीवर रब्बीचे पीक कसे येते, हे एका आजोबांनी दाखवले तेव्हा खरा उलगडा झाला. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या अरवरी संसदेने, म्हणजे नदीकाठच्या गावांच्या प्रतिनिधींच्या सभेने, उसासारख्या पिकांना मनाई केल्याचेही त्यांनीच सांगितले. (आमच्याकडे हा विषय काढायचीही पंचाईत!)

परतताना आमची गाडी वाळूत रुतली, तेव्हा एका ताईंनी डोक्यावरचा कडब्याचा भारा सोडून चाकाखाली पसरला. त्याचे पैसे त्यांनी शेवटपर्यंत घेतले नाहीत.