मोठ्या जातीच्या पिल्लांना कॅल्शियमची बाटली नको, मोजलेले अन्न हवे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रानडुकरे आणि रोही (नीलगायी) यांच्या उपद्रवामुळे आमच्या आर्वी तालुक्यात रात्रीच्या जागलीला पर्याय उरलेला नाही. वावरात एकट्याने रात्र काढण्यापेक्षा सोबत असावी म्हणून, आणि काही ठिकाणी निव्वळ हौसेपोटी, गेल्या काही वर्षांत अनेक शेतकरी नागपूर-अमरावतीहून जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, रॉटवायलर, क्वचित ग्रेट डेन अशा मोठ्या जातींची पिल्ले आणू लागले आहेत. ही पिल्ले लाडाने वाढवली जातात. त्यांच्या खाण्यावर पैसाही सढळ हाताने खर्च होतो. तरीही चौथ्या-पाचव्या महिन्यात पुढचे पाय वाकलेली, मनगटाशी सुजलेली, उठताना कण्हणारी पिल्ले मी आसपासच्या गावांत इतकी पाहिली आहेत की हा विषय आपल्या दैनिकातून मांडणे मला आवश्यक वाटले.

माझा स्वतःचा अनुभव आधी सांगतो, कारण चूक माझ्याच घरात झाली. सहा वर्षांपूर्वी मी ग्रेट डेन जातीचे एक नर पिल्लू विकत आणले. विकणाऱ्याने ते पंचेचाळीस दिवसांचे असल्याचे सांगितले, सोबत पिल्लांच्या खाद्याचे एक पाकीट दिले आणि कॅल्शियमची बाटली देऊन 'हाडं मजबूत व्हायची असतील तर ही बंद करू नका' असे बजावले. आम्ही ती बंद केली नाहीच, उलट घरचे दूध, रोजचे एक अंडे आणि अंड्याच्या टरफलाची पूडही सुरू केली. पिल्लू झपाट्याने वाढत होते आणि येणारा-जाणारा त्याचे कौतुक करीत होता. चौथ्या महिन्यात त्याचे पुढचे पाय धनुष्यासारखे वाकू लागले, तेव्हा हाडे कच्ची राहिली अशी समजूत करून घेऊन मी कॅल्शियम दुप्पट केले. पुढे नागपूरला एक्स-रे काढल्यावर डॉक्टरांनी सांगितले की, या पिल्लाला कॅल्शियम कमी पडलेले नाही, ते अति झाले आहे. बाटली त्याच दिवशी बंद झाली, तरी डावा पाय सरळ झाला नाही. तो कुत्रा आजही आमच्याकडे आहे. पण अंगणापलीकडे त्याला चालवत नाही, आणि त्याला उठताना पाहिले की आजही मला अपराधी वाटते.

असे का होते, हे मला त्या वेळी कोणी समजावून सांगितले असते तर बरे झाले असते. वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याच्या आतड्याला, खाल्लेल्या कॅल्शियमपैकी किती रक्तात घ्यायचे आणि किती सोडून द्यायचे, हे बरेचसे सांभाळता येते. पिल्लाला साधारण सहा महिन्यांचे होईपर्यंत हे नियंत्रण नीट साधत नाही. जेवढे अधिक घालाल तेवढे अधिक त्याच्या रक्तात उतरते. रक्तातले कॅल्शियम वाढले की ते आवरण्यासाठी शरीर हाडांची घडामोड मंदावते. वाढत्या हाडाला आकार येण्यासाठी जुना थर निघून नवा बसावा लागतो आणि टोकाजवळच्या मऊ कूर्चेचे वेळच्या वेळी हाड व्हावे लागते. नेमके हेच काम अडते. कुत्र्याच्या पुढच्या पायात कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे शेजारी-शेजारी असतात. त्यांपैकी एकाची वाढ खुंटली आणि दुसरे वाढत राहिले, तर वाढणाऱ्या हाडाला वाकण्यावाचून मार्गच राहत नाही. छोट्या जातीचे पिल्लू आठ-दहा महिन्यांत जवळपास पूर्ण वाढते आणि त्याचे वजनही थोडे असते, त्यामुळे अशी चूक त्याला पुष्कळदा पचून जाते. जन्मतः अर्धा-पाऊण किलोचे असलेले ग्रेट डेनचे पिल्लू मात्र वर्षभरात पन्नास किलोच्या आसपास पोहोचते, आणि एवढा भार ज्या हाडांवर पडायचा ती तोवर पुरती घडलेली नसतात.

हे केवळ एका डॉक्टरांचे मत नाही. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठात ग्रेट डेनच्या पिल्लांना नेहमीच्या तिप्पट कॅल्शियम असलेले अन्न देऊन पाहिले गेले आणि त्यांच्या हाडांत याच प्रकारचे दोष आढळले. ते निष्कर्ष १९८५ मध्येच प्रसिद्ध झाले आहेत. त्याहीआधी, १९७४ मध्ये, अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधनात असे दिसले होते की, हवे तितके खाऊ दिलेल्या ग्रेट डेन पिल्लांमध्ये हाडा-सांध्यांचे विकार मोजके खाणाऱ्यांपेक्षा अधिक होते. लॅब्राडोरच्या अठ्ठेचाळीस पिल्लांवरील अभ्यास तर त्यांच्या आयुष्याच्या शेवटापर्यंत चालला. त्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एका पिल्लाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी अन्न दिले गेले. कमी खाणाऱ्यांमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष कमी दिसला, आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अखेरच्या निष्कर्षांनुसार त्यांचे मध्यम आयुर्मान (निम्मी कुत्री ज्या वयापर्यंत जगली ते) १३ वर्षे, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे भरले. गुबगुबीत पिल्लू म्हणजे सुदृढ पिल्लू, हा समज यापुढे तरी सोडायला हवा.

मात्र या सगळ्याचा अर्थ कॅल्शियम नकोच असा कोणी घेऊ नये, कारण आपल्या गावांत याच्या नेमकी उलट चूकही तितकीच होते. ज्या घरी पाकिटातले खाद्य परवडत नाही तिथे पिल्लाला दुधात कुस्करलेली पोळी, ज्वारीची भाकर, कण्या किंवा भात मिळतो, आणि बाजाराच्या दिवशी कोंबडीचे मांस मिळते. शंभर ग्रॅम कोंबडीच्या मांसात फॉस्फरस दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो, तर कॅल्शियम जेमतेम दहा-पंधरा मिलिग्रॅम. धान्यातही कॅल्शियम थोडेच असते आणि त्यातील फायटेट नावाचे द्रव्य ते नीट शोषू देत नाही. असे अन्न महिनोन्महिने चालले की शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणते; हाडे पातळ पडतात आणि ओट्यावरून उडी मारण्यासारख्या साध्या निमित्तानेही मोडतात. हाडांचा रस्सा पाजल्याने ही उणीव भरून निघत नाही, कारण हाडांतले कॅल्शियम पाण्यात फारच थोडे उतरते. सकाळच्या उन्हात बांधून ठेवल्यानेही निघत नाही. कॅल्शियम शोषून घ्यायला लागणारे 'ड' जीवनसत्त्व माणसाच्या कातडीत उन्हामुळे तयार होते, तसे ते कुत्र्याच्या कातडीत पुरेसे होत नाही. त्याला ते अंड्याचा बलक, काळीज, मासे अशा अन्नातूनच मिळावे लागते. ही गोष्ट मला फार उशिरा कळली आणि ती प्रत्येक कुत्रे पाळणाऱ्याला माहीत असावी असे वाटते.

तेव्हा खरा प्रश्न मोजमापाचा आहे. दहा किलो वजनाच्या वाढत्या पिल्लाला दिवसाला सुमारे हजार किलोकॅलरी अन्न लागते, आणि तेवढ्या अन्नात साधारण तीन ग्रॅम कॅल्शियम असावे, साडेचार ग्रॅमच्या वर ते जाऊ नये, असे मोठ्या जातींसाठीचे आंतरराष्ट्रीय मापदंड आहेत. कॅल्शियम हे फॉस्फरसइतके किंवा त्याहून थोडे अधिक असावे, कमी नसावे. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनवलेल्या चांगल्या पाकिटातल्या खाद्यात हा मेळ आधीच घातलेला असतो. त्यावर एका अंड्याच्या टरफलाची पूड घातली तर सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियमची भर पडते, म्हणजे तीनाचे पाच होऊन मर्यादा तिथेच ओलांडली जाते. बाटलीतले कॅल्शियम त्याशिवाय आणखी वेगळेच. घरचे शिजवलेले अन्न खाणाऱ्या पिल्लाला मात्र तेच टरफल औषधासारखे उपयोगी पडू शकते, फक्त त्याचे प्रमाण पिल्लाचे वजन आणि एकूण आहार पाहून पशुवैद्यकानेच ठरवून द्यावे. दुभत्या गाई-म्हशींसाठी आणलेले कॅल्शियमचे औषध कोठ्यातून उचलून पिल्लाला पाजणे, हा प्रकार मी स्वतः तीन घरी पाहिला आहे. चारशे किलोच्या जनावराचे औषध दहा किलोच्या पिल्लाला द्यावे असे आपल्या मनात तरी का यावे?

अतिरिक्त कॅल्शियमचा आणखी एक परिणाम आपल्याकडे ओळखलाच जात नाही. त्याने जस्ताचे शोषण अडते, आणि डोळ्यांभोवती, तोंडाशी, कोपरांवर खपल्या धरतात. गावात त्यांना खरूज समजून जळके तेल फासले जाते आणि पिल्लाचे हाल दुपटीने वाढतात.

अन्नाचे एकूण प्रमाण ठरवण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. कापूस मोजायचा काटा आपल्या प्रत्येक घरी किंवा शेजारी असतोच. पिल्लाला टोपलीत बसवून आठवड्यातून एकदा त्यावर तोलावे आणि वजन भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे. बरगड्यांवरून हात फिरवला असता त्या न दाबता हाताला लागल्या पाहिजेत, आणि वरून पाहिल्यावर कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. बरगड्या शोधाव्या लागत असतील तर अन्न थोडे कमी करावे. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे आयुष्यभर दोन वेळा अन्न द्यावे. ताटली भरून दिवसभर समोर ठेवू नये. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांनी एकाच वेळी पोटभर खाल्ले की पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो आणि त्यात काही तासांत जीव जातो. प्रथिनांची मात्र धास्ती घेऊ नये. मांस-अंड्यांनी हाडे बिघडतात असे पूर्वी मानले जाई; उट्रेख्तमध्येच ग्रेट डेन पिल्लांवर झालेल्या प्रयोगांत प्रथिनांचा तसा दोष आढळला नाही. कांदा-लसूण घातलेला रस्सा, चॉकलेट, मनुका आणि शिजवलेली हाडे यांपासून पिल्लाला दूर ठेवावे, वेळच्या वेळी जंताचे औषध द्यावे, आणि दुचाकीमागे पळवण्याची हौस वर्ष-दीड वर्ष तरी आवरावी.

यावर गावात हमखास विचारले जाते की, आपली गावठी कुत्री उष्ट्या-खरकट्यावर वाढतात, त्यांचे पाय कधी वाकत नाहीत, मग यांचेच एवढे कौतुक कशाला? गावठी कुत्रा पंधरा-वीस किलोचा असतो आणि सावकाश वाढतो. त्याच्या कितीतरी भावंडांचा पहिल्या वर्षातच अंत होतो, हेही आपण विसरतो. माझ्या मते बेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या आमच्या उन्हाळ्यात वावराच्या राखणीला तोच अधिक योग्य आहे, आणि आज मला निवड करायची असती तर मी तोच पाळला असता. परंतु ज्यांच्या घरी मोठ्या जातीचे पिल्लू आलेच आहे, त्यांनी ते त्याच्या गरजेनुसार वाढवायला हवे. त्या मुक्या जिवाने आपल्याकडे येण्याची निवड केलेली नाही.

विकणाऱ्यांची जबाबदारी यात सर्वांत मोठी आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्रीविषयक नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. तरीही 'पंचेचाळीस दिवसांचे' पिल्लू हा बाजारातला नेहमीचा शब्द झाला आहे, आणि आईचे दूध लवकर तुटल्यामुळेच घरोघरी बाटल्या-पावडरींचा मारा सुरू होतो. तालुक्याच्या दुकानांत पोते फोडून खाद्य सुटे विकले जाते, त्यात ग्राहकाला वेष्टनावरचे प्रमाणही वाचायला मिळत नाही आणि उघड्यावर राहिल्याने त्यातली चरबीही खवट होते. दुकानदारांनी निदान मूळ वेष्टन दाखवावे आणि खाद्य कोणत्या वयाच्या व आकाराच्या कुत्र्यासाठी आहे ते सांगावे, एवढी अपेक्षा वावगी नाही.

माझी पशुसंवर्धन विभागाला आणि जिल्हा परिषदेला विनंती आहे की, प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात मोठ्या जातीच्या पिल्लांच्या आहाराची एक पानी मराठी चिठ्ठी उपलब्ध करावी आणि लसीकरणासाठी आणलेल्या अशा प्रत्येक पिल्लाच्या मालकाच्या हाती ती द्यावी. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था या दोन्ही आपल्या विदर्भातच आहेत. ज्वारी, तूर, हरभरा, अंडी, दूध, काळीज अशा आमच्या घरी मिळणाऱ्या जिनसांपासून संतुलित आहार कसा करावा, त्यात कॅल्शियम किती ग्रॅम घालावे, हे तेथील तज्ज्ञांनी वजनानुसार तक्त्यात मांडून दिले तर पाकिटातले खाद्य न परवडणाऱ्या शेतकऱ्याचीही सोय होईल. आपल्या दैनिकाच्या कृषी पानावर असा तक्ता छापला जावा अशी माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे. दिवाळीच्या सुमारास कापसाचे पहिले पैसे हाती येतात, हरभऱ्याच्या राखणीची चिंता सुरू होते आणि आमच्याकडे सर्वाधिक पिल्ले त्याच दिवसांत आणली जातात. तक्ता त्याआधी लोकांपर्यंत पोहोचावा.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. आर्वी, जि. वर्धा