रविवारी बोटीवर पाहुणे आणणार असाल तर हे वाचा
मंडळी, रविवारी सकाळी ७ ला कोल्हापूरच्या रंकाळा तलावात बोट काढायची आहे, पाहुणे आणा की, पण एका मेंबरमागे एकच, आणि नाव शनिवारी रात्री ८ च्या आत ग्रुपवर टाका म्हणजे जॅकेटं मोजून काढता येतील.

- लाइफ जॅकेट काठावरच घालायचं, बोटीत बसल्यावर नाही. सगळी बकलं लावा आणि खांद्याला धरून वर ओढून बघा, कानापर्यंत सरकलं तर ढिलं आहे. पंचगंगेत पोहून मोठा झालाय म्हणून कुणाला सूट नाही.
- चढताना पाय बोटीच्या मधोमध ठेवा.
- सेल्फीसाठी उभं राहायचं नाही, तलावातला जुना दगडी संध्यामठ दिसला की सगळेच उठतात आणि बोट कलते.
- पिऊन आलेला पाहुणा काठावरच थांबेल, कुणाचाही असो.

वारं सुटलं तर फेरी रद्द, तिथं वाद घालू नका प्लीज.