चिप आली, कंपायलरचं काय?

महोदय,

स्वदेशी चिपची बातमी आपल्या अंकात आली की मी ती कापून ठेवते. आयआयटी मद्रासचा 'शक्ती', सी-डॅकचा 'वेगा', एप्रिल २०२२ मध्ये केंद्राने सुरू केलेला 'डीआयआर-व्ही' कार्यक्रम, सगळ्यांचा पाया 'रिस्क-फाइव्ह' हा चिपच्या आज्ञांचा खुला आराखडा. अभिमान वाटतोच. पण या बातम्यांत कंपायलर हा शब्द क्वचितच भेटतो. आपण लिहिलेला प्रोग्रॅम चिपला कळणाऱ्या आज्ञांत उतरवणारं हे साधन. चिप कमी वापरातली असली की रडगाणं इथूनच सुरू होतं.

महापे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी एकवीस वर्षं शीतगृहांच्या टेंपरेचर कंट्रोलरचं फर्मवेअर, म्हणजे त्यांच्या चिपमध्ये बसणारा प्रोग्रॅम, लिहिते. २०२१ च्या चिपटंचाईत आमची नेहमीची आठ-बिटी एव्हीआर चिप मिळेना, म्हणून एका परदेशी पुरवठादाराची रिस्क-फाइव्ह चिप घेतली. तोच सी भाषेतला प्रोग्रॅम नव्या कंपायलरमधून काढला. एकही एरर नाही. टेबलावर २९ अंश बरोबर दाखवले. खालच्या रसवाल्याकडून बर्फ आणून सेन्सर बुडवला, आकडा शून्यावर स्थिरावला. पास! तुर्भ्याला बसवला त्याच रात्री सुपरवायझरचा फोन : "मॅडम, कोळंबीच्या खोलीत २३८ दाखवतंय. शिजायला ठेवलीय का?"

खोली होती उणे १८. सी भाषेत 'कॅर' या एका बाइटच्या प्रकारात ऋण आकडे धरायचे की नाही, हे भाषेच्या प्रमाणकाने ठरवलेलंच नाही, ते कंपायलरवर सोडलं आहे. एव्हीआरसाठीचा जीसीसी (हा एक खुला, फुकट मिळणारा कंपायलर) धरतो. रिस्क-फाइव्हचा धरत नाही, तिथे मोजणी ० ते २५५. म्हणजे २५६ वजा १८. कंट्रोलरला खोली भट्टीसारखी तापलेली वाटली आणि तो काँप्रेसर रात्रभर बंदच करेना. बर्फात मूठभर मीठ टाकलं असतं तर पारा शून्याखाली गेला असता आणि सगळं टेबलावरच उघडं पडलं असतं. मटका कुल्फीवाल्याला जे ठाऊक असतं, ते मला सुचलं नाही.

चूक माझी, कबूल. पण कंपायलर गप्प का बसला? 'शून्यापेक्षा कमी असेल तर उण्याचं चिन्ह लाव' ही माझी ओळ, ही अट कधीच खरी ठरणार नाही म्हणून, त्याने मुकाट गाळली होती. जादा वॉर्निंग मागितल्या तर जीसीसी हे सांगतो. पुरवठादाराने दिलेल्या मेकफाइलमध्ये (कंपायलर कसा चालवायचा ते सांगणारी फाइल) मात्र झाडून सगळ्या वॉर्निंग बंद केलेल्या.

आणि तो कंपायलर म्हणजे तरी काय, एका झिप फाइलमधला जुना जीसीसी, त्यात त्यांनी स्वतःचे काही बदल ठोकलेले. मूळ प्रकल्पाकडे ते बदल कधी पाठवलेच नाहीत. जीसीसी ज्या जीपीएल परवान्याखाली मिळतो, त्यात वापरणाऱ्याला सोर्स, म्हणजे मूळ कोड, मागायचा हक्क असतो. त्याचा हवाला देऊन तो मागितला. तो महिन्याभराने आला, पण त्यातून बांधलेला कंपायलर झिपमधल्यासारखा वागेना. कुठला तरी पॅच, म्हणजे बदलाचा तुकडा, द्यायचा राहिला असणार.

पुढे गेटवेसाठी (कंट्रोलरना नेटवर्कशी जोडणारी पेटी) रिस्क-फाइव्हवर लिनक्स चालवलं, तेव्हा प्रोग्रॅमचे तुकडे जोडणारा लिंकर अडून बसला : एका बाइटची अ‍ॅटॉमिक, म्हणजे मध्येच न तुटणारी, अदलाबदल करणारं फंक्शन सापडत नाही म्हणे. इंटेलच्या लॅपटॉपवर तोच प्रोग्रॅम सुरळीत. या चिपच्या अ‍ॅटॉमिक आज्ञा ३२ आणि ६४ बिटांच्याच, एका बाइटसाठी वेगळी लायब्ररी जोडावी लागते. उत्तर एका ओळीचं, शोधायला माझे तीन दिवस गेले. २०२३ च्या जीसीसी १३ पासून ही कटकट मिटली. म्हणजे कुणीतरी बसून ती मिटवली.

हे 'कुणीतरी' महत्त्वाचे. रिस्क-फाइव्हची सुरुवात बर्कलेत २०१० साली झाली. जीसीसीच्या मुख्य आवृत्तीत ते आलं २०१७ मध्ये, एलएलव्हीएम या दुसऱ्या खुल्या कंपायलर-प्रकल्पात अधिकृतपणे २०१९ मध्ये. जगभरची माणसं कामाला लागूनही इतकी वर्षं लागली. आपण स्वतःच्या चिपमध्ये खास आज्ञा घालणार असू, तर त्या कंपायलरला शिकवणारी आणि पुढे प्रत्येक आवृत्तीबरोबर सांभाळणारी माणसंही आपल्यालाच पगारावर ठेवावी लागतील. चिपच्या खर्चात हा खर्च पहिल्या दिवसापासून धरायला हवा.

माणसं मिळणार कुठून? पवईला आयआयटीत जीसीसीवर वर्षानुवर्षं गंभीर काम झालं आहे. खाडीच्या अलीकडे आमच्याकडे मुलाखतीला येणारी मुलं मात्र प्रोग्रॅमचं व्याकरण ओळखायची पार्सिंग टेबल घडाघडा मांडतात आणि क्रॉस-कंपायलर (एका मशीनवर चालून दुसऱ्या चिपसाठी प्रोग्रॅम उतरवणारा) म्हटलं की माझ्याकडे बघत बसतात. त्यांचा दोष नाही, परीक्षेला तेवढंच येतं. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला हजेरीचं अ‍ॅप करण्याऐवजी चार मुलांनी जीसीसी सोर्समधून बांधावा, त्याच्या चाचण्या खऱ्या रिस्क-फाइव्ह चिपच्या बोर्डावर चालवाव्यात, नापास होईल ती एक चाचणी धरून कारण शोधावं. आमच्या कपाटात असे दोन बोर्ड धूळ खात पडले आहेत. ठाणे-नवी मुंबईतलं कुठलंही कॉलेज मागेल तर मालक द्यायला तयार आहेत, मी विचारलं आहे. शनिवारी दुपारी मी शिकवायलाही येईन.

– एक फर्मवेअर अभियंता, नौपाडा, ठाणे