बाबूला शिव्या देण्याआधी आवक टेबल पाहा

संपादक साहेब, नमस्कार.

निराधारांचे पैसे बाबू लोकं मुद्दाम अडवतात अशा अर्थाचं पत्र मागं तुमच्या पेपरात वाचलं. मी आता रिटायर आहो, शेती पाहतो, पण तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेच्या शाखेचं टेबल मीच सांभाळत होतो म्हणून लिहून राहिलो.

लोकांना वाटते अर्ज खिडकीत दिला की झालं. तसं नसते जी. आधी आवक रजिस्टरला, म्हणजे आलेल्या कागदांच्या नोंदवहीत, नंबर पडते, मग शाखेत येते, तिथं कारकून उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, आधार, पासबुक सगळं लावून पाहते, त्रुटी असली तर पत्र काढते नाहीतर यादी करून समितीपुढं ठेवते, आणि हे सगळं करणारा बहुतेक ठिकाणी एकच माणूस, त्यात इलेक्शन लागलं की त्यालेच उचलून नेतात. वरून जानेवारी ते मार्च हयातीच्या दाखल्यांचे गठ्ठे. नेमकी तेव्हाच तूर काढणी, म्हणून लोकंही शेवटच्या आठवड्यात एकदमच येतात.

डीबीटी, म्हणजे सरकारातून थेट खात्यात पैसे, आल्यावर काम कमी होईल असं वाटलं होतं, झालं उलटंच. पयले आम्ही बँकेला यादी पाठवत होतो, खाते नंबर बरोबर असला की पैसे जमा. आता आधार ज्या खात्याला जोडलं तिथंच पैसे जातात. आमच्याच गावची एक म्हातारी जुन्या पासबुकावर एन्ट्री मारून मारून थकली, तहसीलवाल्याले शिव्या घातल्या, आणि पैसे निघाले दुसऱ्याच बँकेतल्या जनधन खात्यात जे तिच्या ध्यानातही नव्हतं! यात कारकुनानं काय खाल्लं सांगा.

पण ऑफिसची चूक नाहीच असं मी म्हणत नाही. त्रुटी पत्रात नुसतं "कागदपत्रे अपूर्ण" लिहून पाठवतात हे मले तेव्हाही पटत नव्हतं. कोणता कागद? ते पत्र पोस्टानं येते, गावात पोस्ट नाही, पोस्टमन पानठेल्यावर ठेवून जाते, ज्याच्या हाती पडलं तो सवडीनं देते, मग म्हातारा तहसीलला जाऊन विचारते की काय पाह्यजे. एसटीचं अर्ध तिकीट असलं तरी दिवसाची मजुरी तर गेलीच ना. अर्जावर मोबाईल नंबर असतेच, एक फोन लावा अन् पत्रात कागदाचं नाव लिहा, बस.

आणि लोकांनो, अर्जाची झेरॉक्स सोबत न्या, तिच्यावर आवकचा शिक्का अन् नंबर घेतल्याबिगर खिडकी सोडू नका, कोणी "राहू द्या, होऊन जाईल" म्हटलं तरी. नंबर नसला तर अर्ज आलाच नाही म्हणायले ऑफिस मोकळं असते, आणि एजंटचं दुकान तिथूनच सुरू होते.

– एक सेवानिवृत्त अव्वल कारकून, जि. यवतमाळ