बाबांचं घोरणं आणि ऑपरेशन

प्रिय आई-बाबा,

फोनवर विषय काढला की बाबा "घोरतात सगळेच" म्हणून फोन आईच्या हातात देतात, म्हणून आता लिहूनच पाठवतेय. हर्नियाच्या ऑपरेशनआधी भूल देणारे डॉक्टर भेटतील तेव्हा स्लीप अप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकण्याचा आजार, आहे का ते बघायला बहुतेक आठ प्रश्न विचारतील, स्टॉप-बँग म्हणतात त्याला, आणि नाही विचारले तर तुम्हीच विषय काढा. मोठ्याने घोरता का, दिवसा पेंगता का, झोपेत श्वास थांबलेला कुणी बघितलाय का, बीपी आहे का, मग वजन, वय 50 च्या पुढे आहे का, गळ्याचा घेर आणि पुरुष आहात का. बाबा, बीपी, वय, पुरुष आणि घोरणं, हे चार तर झालेच, आणि 5 किंवा जास्त आले की धोका जास्त धरतात.

आता श्वास थांबण्याचा प्रश्न बाबांना विचारून काय उपयोग, झोपलेल्याला काय कळतंय! आई, तो तुझा प्रश्न आहे. घोरता घोरता एकदम गप्प होतात, पोट हलत असतं पण आवाज नाही, मग घुसमटल्यासारखे दचकून परत सुरू, आणि तू मध्येच त्यांना हलवून कुशीवर करतेस, हे सगळं डॉक्टरांना जसंच्या तसं सांग, बाबांनी डोळे वटारले तरी. जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेव.

एवढं मागे लागायचं कारण म्हणजे भुलीने आणि नंतरच्या कडक पेनकिलरने घशाचे स्नायू अजून सैल पडतात, आणि श्वास अडकल्यावर एरवी जी जाग येते तीही नीट येत नाही. आधी माहीत असेल तर ते औषधं बघून देतात, नंतर ऑक्सिजनवर जास्त वेळ लक्ष ठेवतात. ऑपरेशन लगेच रद्द होतं असं काही नाही.

प्रश्नांवरून नुसता संशय कळतो, खरं काय ते स्लीप स्टडीत. बऱ्याच जणांची घरीच होते, नाकाशी बारीक नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा आणि झोपायचं, बस्स. श्वास 10 सेकंद किंवा जास्त बंद पडला किंवा खूप कमी झाला असं तासाला किती वेळा झालं ते मोजतात, 5 च्या आत असेल तर ठीक, 30 किंवा वर गेलं तर सिव्हिअर, म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा! आणि बाबा, रात्री सारखं लघवीला उठता ते प्रोस्टेटमुळेच असेल असं धरून बसू नका, अप्नियातही तसं होतं. सीपॅपचा (झोपेत हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं मशीन) मास्क लावावा लागेल या भीतीने टेस्टच टाळायची हे मात्र चालणार नाही, आणि तोवर स्वतःच्या मनाने झोपेची गोळी अजिबात नको.

आई, गळ्याचं माप टेपनेच घे, शर्टाच्या कॉलरवरून अंदाज नको. 40 सेंटिमीटरच्या वर असेल तर तोही एक मार्क. आकडा आजच मेसेज कर.

तुमची,
धाकटी