नववीत दाखला हातात दिलेल्या मुलांसाठी: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. एका माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो. ज्या गोष्टीची तक्रार करतो आहे, ती करणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच सांगतो.

नववीचा निकाल लागला की आम्ही पाच-सहा पालकांना बोलावून घ्यायचो. "पोरगं कच्चं आहे, दहावीला बाहेरून बसवा." मग दाखला द्यायचा आणि १७ नंबरच्या फॉर्मची माहिती सांगायची. दहावीचा निकाल फलकावर लावण्याजोगा यायचा. बाप यंत्रमागावर, आई विड्या वळणारी. दोघे अर्ज कसला आहे ते न विचारता सही करायचे, वर "उपकार झाले ओ सर" म्हणायचे. त्या मुलांपैकी किती जणांनी खरोखर फॉर्म भरला, याची चौकशी आम्ही एकदाही केली नाही.

त्यातला एक मला परवा भेटला. मागाच्या शेडमध्ये कांड्या भरतो. मला बघून उभा राहिला, हात पुसले. मला त्याचे नाव आठवले नाही.

साहेब, चौदा वर्षे पूर्ण झाली की शिक्षण हक्क कायदा संपतो. बालकामगार कायद्यातली सरसकट बंदीही तिथेच संपते, पुढे अठरापर्यंत फक्त धोक्याची कामे वर्ज्य. म्हणजे दोन्ही कायदे एकाच वाढदिवसाला मुलाचा हात सोडतात. २०१५ च्या जुलैत एका दिवसात राज्यभर शाळाबाह्य मुले मोजली, बोटाला शाई लावली, तेव्हाही मोजणी सहा ते चौदाचीच होती. पंधराव्या वर्षाचा मुलगा तेव्हा कुणाच्याच यादीत नव्हता.

सोलापूरला हा विषय नवा नाही. विडी कामगारांच्या वस्त्यांत राष्ट्रीय बालकामगार प्रकल्पाची केंद्रे चालत. छोटा वर्ग, जेवण, थोडा भत्ता, आणि मूल दोन दिवस आले नाही की घरी जाणारी बाई. २०२१ मध्ये तो प्रकल्प समग्र शिक्षा अभियानात विलीन झाला. कागदावर ते सोयीचे असेल. पण नेहमीच्या शाळेचा मास्तर दुपारी वस्तीत जाऊन "काल का नाही आलास" असे विचारत नाही, आणि खरे सांगायचे तर त्याला तेवढा वेळही नसतो. शिवाय ती केंद्रे चौदापर्यंतच्या मुलांसाठी होती.

आपले अधिकारी सांगतील की राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ आहे, पाचवी, आठवी, दहावी, बारावीची परीक्षा देता येते. बरोबर आहे. पण ती परीक्षेची सोय झाली. ज्याला अपूर्णांक येत नाहीत म्हणूनच आम्ही बाहेर काढले, त्याला अर्ज ऑनलाइन भरून घरी अभ्यास कर म्हणायचे? दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे आईचे सूप, तंबाखू आणि ओली पाने पसरलेली असतात?

मागणी एवढीच, की महापालिकेच्या शाळा संध्याकाळी उघडा. आमच्या भागातल्या एका शाळेत दुपारनंतर सगळ्या खोल्यांना कुलूप असते. तिथे साडेसहा ते नऊ वर्ग भरवा, चौदा ते अठरा वयासाठी, एका शिक्षकामागे फार तर वीस मुले. शिक्षक पगारी आणि कायम हवेत, मानधनावरचे नकोत, कारण ही मुले माणूस बघून येतात आणि माणूस बदलला की थांबतात. एकाला तरी तेलुगू यावे. इथे महापालिका तेलुगू, कन्नड, उर्दू माध्यमाच्या शाळा चालवते, तेव्हा तशी माणसे शोधायला लांब जावे लागणार नाही. मुले कामावरून थेट येणार, म्हणून आल्याबरोबर खायला द्या. पोषण आहार आठवीनंतर बंद होतो, भूक होत नाही. मुलींसाठी वेगळी वेळ लागेल, पूर्व भागात रात्री नऊला मुलीला एकटी सोडणारे घर कमी. दाखला नाही म्हणून कुणाला परत पाठवू नका.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात गळती झालेल्या मुलांसाठी पर्यायी शिक्षण केंद्रे काढण्याचे लिहिलेच आहे. म्हणजे नवीन काही मंजूर करायचे नाही, लिहिलेले अमलात आणायचे आहे.

आणि एक जोडकाम. दहावीच्या निकालाशेजारी प्रत्येक शाळेने नववीचा पटही छापावा. शंभर टक्के निकाल लागला तेव्हा नववीत किती जण होते, ते लोकांना कळू द्या. माझ्या काळातल्या आमच्या शाळेपासून सुरुवात झाली तरी हरकत नाही.

मी आणि माझे दोन निवृत्त सहकारी पहिले वर्षभर विनामोबदला शिकवायला तयार आहोत. शिक्षक कायम हवेत हे वर लिहिले आहे, ते आमच्यासाठी खोडू नका, आम्ही तात्पुरतेच. त्या कुलूपबंद शाळेची किल्ली आम्ही दोनदा मागितली. पहिल्यांदा वरून आदेश आणा म्हणाले, दुसऱ्यांदा साहेब रजेवर होते. जूनच्या आत तो आदेश कुणाच्या सहीने निघतो, तेवढे कळवावे.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, सोलापूर