पुस्तकावर विलीस, चेसिसवर फोर्ड : परिवहन मंत्र्यांना खुलं पत्र

मा. परिवहन मंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला शेतकरी, कापूस अन् तूर, आणि आमच्या घरी आजोबांच्या वेळची, आरसी बुकात विलीस या अमेरिकन कंपनीची म्हणून लिहिलेली एक जीप आहे तिच्याबद्दल हे लिहून राहिलो. मंत्र्यांना पहिल्यांदाच लिहितोय, काही मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

आजोबांनी ही जीप १९५२ मध्ये नागपूरच्या एका कंत्राटदाराकडून घेतली, दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपल्यावर मिलिटरीच्या गाड्या विकायला निघाल्या त्यातली. सरकीची पोती तिच्यात आली, बाळंतिणी तिच्यात दवाखान्यात गेल्या, आत्याची पाठवणी तिच्यातच झाली. मग पेट्रोल परवडेना म्हणून बाबांनी डिझेल इंजिन बसवलं, आमच्या भागातल्या कितीतरी जीपांचं तेच झालंय. पण जुनं इंजिन त्यांनी भंगारवाल्याला दिलं नाही, ग्रीस चोपडून गोठ्यामागच्या खोलीत बारदान्याखाली ठेवलं.

२०२१ मध्ये केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांचा नियम आणला. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली दुचाकी-चारचाकी, चेसिस म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, बॉडी, इंजिन बदललेलं नसावं, नवीन नोंदणीला २०,००० रुपये आणि पुन्हा नोंदणीला ५,०००, सर्टिफिकेट १० वर्षांचं. नियम चांगला आहे, मी त्याच्या बाजूनं आहे. आम्ही ठरवलं की जुनं इंजिन परत बसवायचं आणि गाडी रीतसर विंटेजमध्ये घालायची.

दिवाळीआधी मिस्त्री आणि मी चेसिस घासायला बसलो. रंगाचे किती थर होते विचारू नका, आधी निळा मग लाल मग मिलिटरीचा हिरवा. डाव्या बाजूच्या चेसिसवर, इंजिनाच्या जवळ, वायर ब्रश मारून वरून खडू घासला तेव्हा आकडे पांढरे होऊन वर आले आणि आकड्यांच्या आधी इंग्रजीत अक्षरं होती जी, पी, डब्ल्यू. मिस्त्री म्हणाला, भाऊ हे विलीस नाही, फोर्ड आहे. मग आम्ही एकेक बोल्ट रॉकेलनं पुसून पाहिला, कितीतरी बोल्टांच्या डोक्यावर बारीक एफ कोरलेला. समोर रेडिएटरच्या खालचा आडवा दांडा विलीसच्या जीपेत गोल पाइपाचा असतो, आमच्या गाडीत तो चौकोनी, पत्र्याचा. म्हणजे पटलंच.

साहेब, गोष्ट अशी आहे की लढाईत जीपेची मागणी एवढी होती की ओहायोतल्या टोलेडोचा विलीसचा एकटा कारखाना पुरा पडेना, म्हणून अमेरिकन सरकारनं विलीसचाच नकाशा फोर्डला दिला आणि फोर्डनं आपल्या डिअरबॉर्न, लुईव्हिल, डॅलस अशा कारखान्यांत १९४५ पर्यंत पावणेतीन लाखांच्या वर जीपा काढल्या. जीपीडब्ल्यू हे फोर्डच्या या जीपेचं नाव, त्यातला डब्ल्यू तो विलीसचाच. दोन्ही गाड्या जुळ्या बहिणींसारख्या, एकीचा पार्ट दुसरीला बसतो, त्यामुळे आपल्याकडे सगळ्याच जीपांना सरसकट विलीस म्हणायची सवय लागली आणि आजोबांच्या आरसी बुकातही कंपनीच्या रकान्यात विलीसच लिहिलं गेलं. फोर्ड कारखान्यात चेसिसवर आणि इंजिनावर एकच नंबर ठोकत असे. आम्ही बारदाना काढला, इंजिनाचं ग्रीस पुसलं, नंबर वाचला. तोच! बाबा तिथंच खाटेवर बसले, किती वेळ बोललेच नाहीत.

आता अडचण. पुस्तकात विलीस आणि चेसिसवर फोर्ड, त्यामुळे परिवहन कार्यालयानं आमची फाईल अडवली, गाडी बदलली असेल अशी शंका काढून. दुरुस्ती करायची तर १९५२ च्या मूळ नोंदणीचा उतारा आणा म्हणाले. कुठून आणायचा? १९५२ मध्ये विदर्भ मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. १९५६ मध्ये आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात. गाव हललं नाही, पण कागदांनी तीन राज्यं पाहिली. एका कार्यालयात सांगितलं नागपूरला पाहा, तिथं सांगितलं जुनी रजिस्टरं भोपाळला गेली असतील, एका ठिकाणी तर वाळवीनं खाल्लेल्या रजिस्टरांचा ढीगच दाखवला, त्यात शोधणार कोण. चौदा चकरा झाल्या साहेब, एसटीनं, तेही पऱ्हाटी वेचणीच्या दिवसांत.

आणि हे माझ्या एकट्याचं नाही. आमच्याकडे देशमुखांच्या वाड्यांत, जिनिंगवाल्यांच्या आवारात, जुन्या डॉक्टरांच्या घरी अजून गाड्या उभ्या आहेत, कुर्ल्याच्या कारखान्यातल्या फियाट, उत्तरपाऱ्याच्या लँडमास्टर. लोक कंटाळून किलोच्या भावानं विकून टाकतात. इंग्लंडात गेडनच्या मोटार म्युझियमकडे मॉरिस-ऑस्टिनच्या कारखान्यांची जुनी रजिस्टरं जपलेली आहेत, चेसिस नंबर द्या, गाडी कधी बनली याचं सर्टिफिकेट मिळतं. आपण कारखान्याचं नाही मागत, निदान आपल्याच सरकारची नोंदणी रजिस्टरं तरी मागतोय.

म्हणून विनंती. जुन्या मध्य प्रदेशाच्या काळातली विदर्भाची मोटार नोंदणी रजिस्टरं जिथं असतील तिथून, भोपाळलाही पत्र लिहून, गोळा करा आणि स्कॅन करा, वाळवी थांबत नाही. ते होईपर्यंत चेसिसवर ठोकलेला नंबर हाच मुख्य पुरावा धरा, आणि अमरावती-नागपूरला वर्षातून दोनदा तरी गाड्या ओळखणारा माणूस पाठवा, जो बोनट उघडेल, खाली वाकेल, हात काळे करेल. कंपनीच्या नावातली चूक प्रामाणिक आहे की लबाडीची हे त्याला दहा मिनिटांत कळेल. आणि जुनं मूळ इंजिन ज्यानं परत बसवलं त्याला इंजिन बदलल्याच्या खात्यात टाकू नका, हे तर लेखी आदेशात यायलाच पाहिजे.

बाबा ८१ वर्षांचे आहेत. दसऱ्याला गाडीला हार घालतात आणि मला विचारतात, "गाडी आपलीच हाय ना, मंग इतले कागद काहून मांगते थे?" फाईल सध्या कोणाच्या टेबलावर आहे तेवढं तरी कळवा, त्यांना सांगता येईल.

आपला,
दारव्हा तालुक्यातला एक शेतकरी